सिम्युलेशन मानायचं की नाही? बॉस्ट्रॉमचा युक्तिवाद आणि क्वांटमचा ‘पुरावा’ शेजारी ठेवून

बारावीला दोन फटींचा प्रयोग (प्रकाश किंवा इलेक्ट्रॉन दोन बारीक फटींतून सोडायचे आणि पडद्यावर काय उमटतं ते पाहायचं) शिकवायला घेतला की हल्ली एक प्रश्न हमखास येतो. “सर, म्हणजे आपण बघतो तेव्हाच जग तयार होतं ना? गेमसारखं?” विचारणारा मुलगा बहुतेक वेळा हुशार असतो. त्याने दोन-चार व्हिडिओ मन लावून पाहिलेले असतात आणि त्याला खरोखर ठरवायचं असतं, की आपण संगणकात चाललेल्या जगात राहतो हे मानावं की मानू नये. तासाला पाच मिनिटं उरलेली असताना याचं धड उत्तर देता येत नाही. म्हणून हा लेख.

आधी एक गल्लत दूर करू. ‘जग हे सिम्युलेशन आहे’ या निष्कर्षाकडे नेणारे दोन रस्ते आहेत. एक तत्त्वज्ञानातून येतो, तो निक बॉस्ट्रॉम यांचा. दुसरा क्वांटम भौतिकीतून, म्हणजे अणू-इलेक्ट्रॉनांच्या सूक्ष्म जगाच्या शास्त्रातून येतो, निदान तसा दावा केला जातो. व्हिडिओंमध्ये हे दोन्ही एकत्र कालवून वाढतात, त्यामुळे एकाचा दुसऱ्याला आधार आहे असं वाटतं. माझं मत आत्ताच सांगून टाकतो: पहिला रस्ता गंभीर आहे, त्यावर थांबून विचार करावा असा. दुसरा जवळून पाहिला तर उलट्या दिशेला जातो. क्वांटम भौतिकी सिम्युलेशनच्या बाजूची साक्षीदार नाही, ती त्या कल्पनेपुढची सगळ्यात मोठी अडचण आहे.

पहिला रस्ता: मोजणीचा

बॉस्ट्रॉम ऑक्सफर्डमध्ये असताना २००३ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात ते ‘आपण सिम्युलेशनमध्ये आहोत’ असं कुठेही ठामपणे म्हणत नाहीत. ते म्हणतात की पुढच्या तीनपैकी निदान एक गोष्ट खरी असलीच पाहिजे. एकतर आपल्यासारख्या संस्कृती अतिप्रगत होण्याआधीच जवळजवळ सगळ्या नष्ट होतात. किंवा त्या टिकतात, पण आपल्या पूर्वजांची सिम्युलेशन्स चालवण्यात त्यांना रस उरत नाही. किंवा मग आपण जवळजवळ नक्कीच अशा एखाद्या सिम्युलेशनमध्ये आहोत.

युक्तिवादाचा कणा म्हणजे साधी मोजदाद. बॉस्ट्रॉम यांच्या अंदाजाने आजवर जगलेल्या सगळ्या माणसांच्या मेंदूंचं काम संगणकावर उतरवायचं तर १ वर ३३ ते ३६ शून्यं इतक्या क्रिया लागतील. ग्रहाएवढा प्रचंड संगणक बांधता आला तर तो सेकंदाला १ वर ४२ शून्यं इतक्या क्रिया करू शकेल. म्हणजे संपूर्ण मानवजातीचं मनोविश्व त्याच्या एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात उरकतं. हे इतकं स्वस्त असेल तर कुणीतरी ते पुन्हा पुन्हा चालवेल. मग ‘खऱ्या’ माणसांपेक्षा नकली माणसं कितीतरी जास्त होतील, आणि यादृच्छिकपणे निवडलेला माणूस नकलीच निघण्याची शक्यता जास्त.

यात इलेक्ट्रॉन कुठे आला? फटी, फोटॉन (प्रकाशाचे कण), निरीक्षक? कुठेच नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण या युक्तिवादाला क्वांटमची गरजच नाही. न्यूटनचं जग खरं असतं तरी तो असाच उभा राहिला असता.

त्याची कच्ची बाजू वेगळीच आहे. सिलिकॉनवर नुसते आकडे फिरवून जाणीव निर्माण होते, हे त्यात गृहीत धरलेलं आहे. पटलं तर युक्तिवाद चालतो, नाही पटलं तर पहिल्याच पायरीवर थांबतो. शिवाय तिन्ही पर्यायांत विश्वास कसा वाटून द्यायचा हेही उघडं राहतं. बॉस्ट्रॉम स्वतः तो साधारण सारखा वाटून द्यावा म्हणतात. इलॉन मस्क यांनी २०१६ साली एका जाहीर मुलाखतीत आपण मूळ वास्तवात असण्याची शक्यता अब्जावधींत एक आहे असं सांगितलं आणि लोकांच्या डोक्यात तेच बसलं. पण ते बॉस्ट्रॉम यांचं म्हणणं नव्हे. कोलंबिया विद्यापीठाचे खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड किपिंग यांनी २०२० साली बेझच्या पद्धतीने (हाती असलेल्या माहितीवरून शक्यता ठरवण्याच्या गणिताने) हाच हिशोब नव्याने मांडला, तेव्हा सिम्युलेशनची शक्यता निम्म्याहून किंचित कमी आली. मात्र आपण स्वतः जाणीव असलेली सिम्युलेशन्स बनवली, तर त्या दिवशी पारडं एकदम फिरेल, हेही त्यांनीच दाखवलं.

आता त्याच निबंधातली एक गोष्ट, जी व्हिडिओवाले कधी सांगत नाहीत. बॉस्ट्रॉम स्वतः लिहितात की संपूर्ण विश्व क्वांटम पातळीपर्यंत सिम्युलेट करणं अशक्यच आहे, काही अगदी नवं भौतिकशास्त्र सापडलं तरच गोष्ट वेगळी. म्हणून ते सवलत घेतात: सूक्ष्म तपशील एरवी भरायचेच नाहीत, कुणी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की तेवढ्यापुरते भरायचे. दुसऱ्या रस्त्याची सुरुवात इथून होते.

दुसरा रस्ता: काटकसरीचा

गेम बनवणारे खेळाडूच्या नजरेसमोर असेल तेवढंच चित्र काढतात. पाठीमागचा डोंगर संगणक रंगवत बसत नाही. मेमरी वाचते, प्रोसेसरवरचा भार कमी होतो. क्वांटममध्येही ‘मोजेपर्यंत कणाला ठरावीक जागा नसते’ असं पुस्तकात लिहिलेलं असतं. दोन्ही वाक्यं शेजारी ठेवली की वाटतं, हे तेच तर आहे! साम्य खरंच मोहात पाडणारं आहे. मलाही विद्यार्थिदशेत त्याने काही काळ झपाटलं होतं.

पण एकदा हाताने करून बघा. लाल लेसर पॉइंटर घ्या, त्याच्या तोंडावर डोक्याचा एक केस उभा ताणून चिकटवा, खोलीत अंधार करा आणि तीन मीटरवरच्या भिंतीवर प्रकाश पाडा. (लेसर कुणाच्या डोळ्यात जाऊ देऊ नका.) भिंतीवर एक लाल ठिपका येत नाही. आडवी रांग दिसते: उजेड, काळोख, उजेड, काळोख. काळ्या पट्ट्या एकमेकींपासून साधारण पावणेतीन सेंटिमीटरवर असतात. लेसरची तरंगलांबी ६५० नॅनोमीटर धरली तर या अंतरावरून केसाची जाडी निघते, सुमारे ०.०७ मिलिमीटर. केसाच्या दोन्ही बाजूंनी आलेला प्रकाश एकमेकांत मिसळला, काही ठिकाणी वाढला, काही ठिकाणी विझला.

हीच गोष्ट इलेक्ट्रॉनही करतात. जपानमध्ये हिताची कंपनीच्या प्रयोगशाळेत अकिरा तोनोमुरा आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली इलेक्ट्रॉन एकेक करून, दोन वाटा खुल्या असलेल्या मांडणीतून सोडले. पडद्यावर आधी इथे एक ठिपका, तिथे एक ठिपका, काही ताळमेळ नाही. हजारो ठिपके साचले तेव्हा त्यांतून पट्ट्या उमटल्या. एकेकटा आलेला इलेक्ट्रॉनसुद्धा दोन्ही वाटांचा हिशोब घेऊन येत होता. तो कुठल्या वाटेने गेला हे पाहण्याची सोय केली, की पट्ट्या जातात.

इथे ‘पाहणं’ या शब्दाने सगळा घोटाळा केला आहे. व्हिएन्नातल्या संशोधकांनी २००४ साली ७० कार्बन अणूंचे रेणू लेसरने तापवून अशाच प्रयोगातून पाठवले. तापलेली वस्तू जशी उष्णता बाहेर टाकते, तसे हे रेणू वाटेतच फोटॉन बाहेर टाकत होते. जितके जास्त तापवले, तितक्या पट्ट्या फिकट होत गेल्या आणि शेवटी नाहीशा झाल्या. ते फोटॉन कुणी पकडले नव्हते की पाहिले नव्हते. रेणू कुठे होता ही खबर सभोवताली सांडली, एवढं पुरेसं ठरलं. माणूस, मन, डोळा यांची गरजच पडली नाही. हवेचा एक रेणू आदळला, भिंतीचा एक फोटॉन लागला, तरी ‘निरीक्षण’ झालंच. याला डीकोहेरन्स म्हणतात. ‘खेळाडू बघतो तेव्हाच चित्र तयार होतं’ ही उपमा इथेच मोडते, कारण या खेळात धूळसुद्धा खेळाडू आहे.

याहून मोठी गोष्ट म्हणजे खर्च, आणि माझ्या मते निर्णय यावरच ठरतो. गेममध्ये न पाहिलेली वस्तू स्वस्त असते. क्वांटममध्ये न पाहिलेली वस्तूच महाग असते!

हिशोब करून पाहू. इलेक्ट्रॉनचा स्पिन (त्याचा एक अंगभूत क्वांटम गुण) मोजला की उत्तर दोनच: वर किंवा खाली. मोजलेले ३० इलेक्ट्रॉन लिहून ठेवायला ३० बिट पुरतात, एका एसएमएसपेक्षाही कमी. पण हेच ३० इलेक्ट्रॉन मोजलेले नसतील आणि एकमेकांत गुंतलेले असतील, म्हणजे एकेकट्याची अवस्था वेगळी सांगता येत नसेल, तर त्यांची अवस्था लिहायला सर्वसाधारणपणे २चा ३०वा घात, म्हणजे १०७ कोटींहून जास्त संमिश्र संख्या लागतात. प्रत्येकीला १६ बाइट धरले तर १७ जीबी. बरा लॅपटॉप हे कसंबसं पेलेल. एक इलेक्ट्रॉन वाढवा, ३४ जीबी. आणखी एक, ६८. पन्नासाव्यापर्यंत १ कोटी ८० लाख जीबी होतात. ३०० इलेक्ट्रॉनांना लागणाऱ्या संख्या २ वर ९० शून्यं इतक्या, आणि आपल्याला दिसू शकणाऱ्या सगळ्या विश्वातले अणू अंदाजे १ वर ८० शून्यं इतके. मिठाच्या एका कणात किती इलेक्ट्रॉन असतील याचा विचार करा.

हात आखडता घेऊन जग चालवायचं होतं, तर प्रोग्रामरने हे नियम का निवडावेत? न पाहिलेल्या इलेक्ट्रॉनला ठरावीक जागा देऊन टाकणं कितीतरी स्वस्त पडलं असतं. निसर्ग इथे काटकसर करत नाही, उधळपट्टी करतो.

रिचर्ड फाइनमन यांनी १९८१ सालच्या व्याख्यानात हीच अडचण मांडली होती. साध्या संगणकावर क्वांटम जग कार्यक्षमतेने उतरत नाही, त्यासाठी यंत्रच क्वांटम नियमांवर चालणारं हवं. आजच्या क्वांटम संगणकांची कल्पना त्यातून पुढे आली. सिम्युलेशनवाले यावर म्हणतात, ठीक आहे, बाहेरचा संगणक क्वांटम असेल. असू दे. पण मग बाहेरचं जगही क्वांटम झालं. आपल्या जगातलं क्वांटमपण ही सिम्युलेशनची खूण कशी उरली? ते मूळ जगातूनच आलेलं असेल. आणि मूळ जग सिम्युलेशनशिवाय क्वांटम असू शकतं, तर आपलं का असू शकत नाही?

पिक्सेल, प्रकाशाचा वेग आणि गुंतलेले कण

दुसरा नेहमीचा दावा: क्वांटम म्हणजे सगळं तुकड्यातुकड्यांत, म्हणून जग पिक्सेलचं. तंबोऱ्याची तार आठवा. ती अखंड असते, तिच्यात कुठेही तुकडे नसतात, तरी दोन्ही टोकांना बांधलेली असल्यामुळे तिच्यातून मोजकेच स्वर निघतात. अणूतल्या इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेच्या पायऱ्या अशाच आहेत, बांधलेपणातून आलेल्या. मोकळ्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा कितीही असू शकते. प्लांक लांबी, म्हणजे सुमारे १.६ भागिले १ वर ३५ शून्यं इतके मीटर, हीदेखील मोजून सापडलेल्या पिक्सेलची लांबी नव्हे. गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक, प्लांकचा स्थिरांक आणि प्रकाशाचा वेग एकत्र गुणून-भागून वर्गमूळ काढलं की ती निघते. तिच्याखाली काय आहे ते आज कुठलाही सिद्धान्त खात्रीने सांगत नाही.

पिक्सेल असतील तर त्याच्या खुणा शोधता येतात, आणि शोधल्याही आहेत. १० मे २००९ रोजी फर्मी अवकाश दुर्बिणीने सातशे कोटींहून अधिक प्रकाशवर्षं दूरचा एक गॅमा किरणांचा स्फोट टिपला. अवकाश साध्यासुध्या पद्धतीने दाणेदार असतं, तर जास्त ऊर्जेचे फोटॉन या प्रवासात मागे-पुढे पडायला हवे होते. ३१ जीईव्ही (ऊर्जेचं एक एकक) इतक्या ऊर्जेचा एक फोटॉन स्फोट सुरू झाल्यापासून एका सेकंदाच्या आत पोचला. सगळ्या प्रकारची जाळी यामुळे बाद होत नाही, पण सोप्या कल्पनांचं कठीण झालं.

‘प्रकाशाचा वेग ही प्रोसेसरची मर्यादा’ या दाव्यावर फार थांबत नाही. प्रोसेसर मंदावला तर त्यात चाललेली घड्याळंही तितकीच मंदावतात, आतल्याला काहीच कळत नाही. आतून मोजता येणारी मर्यादा प्रोसेसरची नसते, नियमाची असते.

गुंतलेल्या कणांचा मुद्दा मात्र मी हलकेच बाजूला सारणार नाही. दुसऱ्या रस्त्यावरचा सगळ्यात चांगला मुद्दा हाच आहे. दूर असलेले दोन कण मोजले की उत्तरं अशी जुळतात की त्यांनी आधीच काही ठरवून ठेवलं होतं असं म्हणता येत नाही. जॉन बेल यांनी १९६४ साली याची कसोटी दिली. तिच्या नेहमीच्या रूपात उत्तरं किती जुळतात याचा एक आकडा काढतात. उत्तरं आधी ठरवून ठेवलेली आणि स्थानिक असतील, म्हणजे दूरच्या मोजणीचा त्यांच्यावर परिणाम होत नसेल, तर तो २ च्या वर जाऊच शकत नाही. २०१५ साली नेदरलँड्समधल्या डेल्फ्टमध्ये १.३ किलोमीटर अंतरावरच्या इलेक्ट्रॉनांवर केलेल्या प्रयोगात आकडा २.४२ आला. अस्पे, क्लॉझर आणि त्साइलिंगर यांना भौतिकीचं २०२२ सालचं नोबेल याच परंपरेतल्या कामासाठी मिळालं. सिम्युलेशनवाला म्हणतो, संगणकात अंतर म्हणजे नुसता आकडा, दोन कणांची नोंद एकाच जागी असली की झालं. हे बेलच्या कसोटीच्या विरोधात जात नाही, हे मान्य करायलाच हवं. पण एकाच जागची नोंद वापरणाऱ्या प्रोग्रामरला तो आकडा सरळ ४ पर्यंत नेता आला असता, तोही संदेश प्रकाशाच्या वेगापेक्षा जलद न पाठवता. निसर्ग २.८३ च्या पुढे जात नाही. नेमका तिथेच का थांबतो, यावर सिम्युलेशनच्या कल्पनेकडे काही उत्तर नाही. क्वांटमच्या गणितातून तो आकडा दोन ओळींत पडतो.

तिसरीकडे जाणारी वाट

पुष्कळांना सिम्युलेशन आवडतं, पण त्यांना खरं म्हणायचं असतं ते वेगळंच: पदार्थापेक्षा माहिती मूलभूत आहे. ही स्वतंत्र भूमिका आहे आणि ती भौतिकीतूनच आली आहे. जॉन व्हीलर यांनी १९८९ साली ती मांडली: प्रत्येक वस्तूच्या तळाशी हो-नाहीची उत्तरं असतात. सेथ लॉइड यांनी २००२ साली विश्वालाच क्वांटम संगणक मानून हिशोब केला, तेव्हा आजवरच्या क्रिया १ वर १२० शून्यं इतक्या भरल्या. फरक एवढाच, की या चित्रात बाहेर कुणी बसलेलं नाही. विश्व कुणाच्या संगणकात चाललेलं नाही, ते स्वतःच आपली उत्क्रांती ‘गणत’ आहे. ज्यांना क्वांटम आणि माहितीचं नातं भुरळ घालतं, त्यांनी इकडे वळावं असं मला मनापासून वाटतं.

‘ही तर आपली माया’ असंही कुणीतरी म्हणतंच. दोरीवर साप भासतो तेव्हा तो साप चालवणारा कुणी तिसरा नसतो, आणि दोरी कळली की साप संपतो. सिम्युलेशनमध्ये मात्र कळलं तरी काहीच संपत नाही, खेळ तसाच चालू राहतो. ज्ञानदेवांनी तर अज्ञानाचंच खंडन करून जगाला चैतन्याचा विलास म्हटलं. या विचारांचा तोल वेगळा आहे, त्यांना संगणकाच्या खोक्यात कोंबू नये.

मग ठरवायचं कसं

मशीनवर जाणीव उतरू शकते असं तुम्हाला प्रामाणिकपणे वाटत असेल, तर बॉस्ट्रॉम यांचा युक्तिवाद तुम्हाला चुकवता येणार नाही. तिन्ही पर्यायांना काही ना काही वजन द्या आणि आकड्याच्या हट्टाला पेटू नका. तसं वाटत नसेल, तर तुम्ही पहिल्याच पायरीवर मोकळे आहात. दोन्ही बाबतींत दोन फटींच्या प्रयोगाला साक्षीला बोलावू नका, तो तुमच्या बाजूने बोलणार नाही. आणि सिम्युलेशन खरं ठरलं तर आयुष्य खोटं ठरेल अशी भीती मनात असेल, तर तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांचं म्हणणं ऐका: तळाशी बिट असले तरी टेबल टेबलच राहतं आणि माणूस माणूसच. अणूंचं बनलेलं आहे हे कळल्यावर टेबल कुठे खोटं झालं?

विज्ञानाच्या वाटेने उत्तर हवं असेल तर एक जागा मला दिसते. सायलस बीन, झोहरे दावूदी आणि मार्टिन सॅव्हेज यांनी २०१२ साली तिच्याबद्दल लिहिलं. हे तिघे अणुकेंद्रातल्या बलांचं गणित करणारे. क्वार्कांचं (अणुकेंद्रातल्या मूलकणांचं) हे गणित सोडवायला अवकाश आणि काळ चौकोनी जाळीवर बसवतात. मुंबईत टीआयएफआरमध्येही (टाटा मूलभूत संशोधन संस्था) हे काम वर्षानुवर्षं चालतं. आज माणसाला अशी सिम्युलेशन्स अणुकेंद्राएवढ्याच जागेची करता येतात. त्या तिघांचा प्रश्न साधा होता: आपलं जगही अशाच जाळीवर चालवलेलं असेल तर ती जाळी दिसेल कुठे? उत्तर असं, की सगळ्यात जास्त ऊर्जेच्या विश्वकिरणांना (अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांना) सर्व दिशा सारख्या वाटणार नाहीत. जाळीच्या कडेने आणि कर्णाने ते वेगळे वागतील, आणि आकाशात त्यांच्या येण्यात घनाच्या आकाराची छाप उमटेल.

अर्जेंटिनात मालार्ग्वे गावाजवळ पिएर ऑजे वेधशाळा हे किरण टिपते. ३,००० चौरस किलोमीटर माळरानावर दीड-दीड किलोमीटर अंतराने पाण्याच्या १,६००हून अधिक टाक्या मांडल्या आहेत, प्रत्येकीत १२,००० लिटर अतिशुद्ध पाणी. सर्वाधिक ऊर्जेचा कण एका चौरस किलोमीटरवर शतकभरात एखादाही येत नाही, म्हणून एवढा पसारा. २०१७ साली तिथल्या संशोधकांनी हे किरण आकाशाच्या एका बाजूने थोडे जास्त येतात असं जाहीर केलं. ती दिशा आपल्या आकाशगंगेच्या बाहेरचा उगम सुचवते. घनाच्या आकाराची छाप त्यात दिसलेली नाही. टाक्या अजून मोजत आहेत.